आरशाची प्रदक्षिणा

"आठ दिवसांत खऱ्या गुन्हेगाराचा, हिमबिबट्याचा, फोटो तुमच्या हातात ठेवतो, नाहीतर नावाचा गुर्मेत नाही!" वन्यजीव खात्याच्या गुर्मेतने भर गावात छाती ठोकली.

गावात शेळ्या मरत होत्या आणि आळ आला होता आबी, म्हणजे आजी, दिस्कितच्या काळ्या कुत्र्यावर. गोबा, म्हणजे गावचा मुखिया, त्याला खिंडीपलीकडे सोडून यायला निघाला होता. तिकडे अजून कमरेएवढं बर्फ! आणि म्हातारीला त्या कुत्र्याशिवाय दुसरं होतं कोण?

गुर्मेतने ओढ्याकाठच्या वाटेवर एका बाजूला कॅमेरा लावला, समोर आरसा. न दिसणारा किरण आरशावर आपटून परत यायचा. मध्ये कुणी आलं की खटॅक, फोटो! "किरण ज्या कोनात जातो त्याच कोनात परततो. आरसा केसभर हलला, तर किरण जाईल शेजारच्या गावात!" असं ऐटीत सांगत त्याने दगडांची सुबक चळत रचली, वर आरसा बसवला, पांढऱ्या फडक्याने करकचून बांधला. दगड, आरसा, पांढरं वस्त्र! लडाखी आईच्या पोटी जन्मलेल्याला पुढचं कळू नये? नाही कळलं. डोक्यात नुसते कोन भरले होते ना!

आठव्या दिवशी गोबाच्या अंगणात लॅपटॉपवर फोटो लागले. पहिल्यात जपमाळवाली एक आजी. दुसऱ्यात तीच. तिसऱ्यात खुद्द गोबा, हात जोडलेले!

"गोबा, तुम्ही इथे काय करताय?"

"नवं देवस्थान झालंय, प्रदक्षिणा नको घालायला?"

"देवस्थान कसलं! माझा आरसा आहे तो!"

"मग वस्त्र कशाला नेसवलंस, गाढवा?"

"आणि गोबा," मागून एक बाई ओरडली, "पाटाच्या कामाला तुमचे गुडघे दुखतात, इथे बऱ्या अकरा फेऱ्या होतात!"

सहाशे फोटो झाले. बिबट्याचं शेपूटसुद्धा नाही! गुर्मेतला मान वर करवेना. आपल्या बढाईपायी म्हातारीचा सोबती जाणार, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"आबी, चुकलो गं," तो पुटपुटला.

"संपलं तर!" गोबा म्हणाला. "बुधवारी सकाळी सहाला माझी शेळी मारून पळताना मी स्वतः पाहिलंय या कुत्र्याला."

"बुधवारी सहाला?" दिस्कित म्हणाली. "तेव्हा तर आम्ही दोघं फेऱ्या घालत होतो. रोज घालतो. याच्यासाठीच."

गुर्मेतने भराभर फोटो मागे नेले. बुधवार, सहा वाजून चार मिनिटं. वाकलेली दिस्कित, मागे जीभ काढून काळा कुत्रा. साडेसहालाही तेच!

गोबा खाकरला. "अंधुक होतं तेव्हा... काळं काहीतरी होतं खरं."

"काहीतरी म्हणे!" बायका खिदळल्या. कुत्रा गावातच राहिला.

दुपारी गुर्मेत आरसा सोडवायला गेला, तर दिस्कित तिथे हजर.

"अरे, उलट्या बाजूने काय शिरतोस? नीट फेरी घालून ये!"

"आबी, सरकारी आरसा आहे गं तो!"

"असेना. माझा कुत्रा वाचवला त्याने."

गुर्मेतने टोपी काढली, हात जोडले आणि निमूट फेरी घालू लागला.

खटॅक!