उसना ओला टॉवेल

"वहिनी, एखादा ओला टॉवेल मिळंल का? उसना. लगेच आणून देतो."

"ओला?" आईने विचारलं.

"ओलाच. सुका माझ्याकडे शे की. टॉवेल नसला तर चादर चालंल, पण चांगली भिजलेली द्या."

इंदिरानगरच्या त्या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. शेजारी विरजण मागतात, स्टूल मागतात, हे मला माहीत होतं. ओला टॉवेल मागणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होते. पुस्तक उघडं टाकून मी दाराच्या फटीतून पाहिलं. पांढराशुभ्र पायजमा, बनियन, खांद्यावर नॅपकिन आणि चेहऱ्यावर अशी घाई, की घरात कोणीतरी अत्यवस्थ असावं.

घरात ड्रायर होता.

निकमकाका बरोबर आमच्या खालच्या घरात राहायचे. मूळचे सटाण्याकडचे, अंबडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. सगळी नोकरी नाशकात काढली, तरी 'आहे'च्या जागी त्यांच्या तोंडून 'शे' निसटायचंच. नव्वदच्या सुमारास, घरोघरी वॉशिंग मशीन यायच्या आधी, त्यांनी नुसता ड्रायर घेतला होता. पिंपाएवढा, पांढरा, निळ्या झाकणाचा. आत जाळीदार भांडं. ओले कपडे टाकायचे, बटण फिरवायचं, ते भांडं गरगर फिरून सगळं पाणी खालच्या नळीतून बाहेर फेकतं. पुढे वॉशिंग मशिनी स्वस्त झाल्या तरी काकांनी घेतली नाही. "धुणं हाताचं पाहिजे. मळ डोळ्यांना दिसतो. पिळणं तेवढं मशिनचं."

हा ड्रायर काकूंसाठी आणला होता. चादरी पिळून पिळून त्यांची मनगटं सुजायची. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती, पण ड्रायर ठणठणीत होता. अडचण एवढीच होती की एका माणसाचं धुणं त्याला पुरत नसे. दोन बनियन आणि एक पायजमा टाकला की भांडं एका बाजूला कलायचं आणि ते पिंप धडधडत मोरीतून स्वयंपाकघराकडे चालू लागायचं. मग काका झाकणावर तळहात ठेवायचे आणि बिथरलेल्या बैलाला थोपटावं तसे "होऽ होऽ, राजा, होऽ" करायचे. राजा ऐकला नाही, तर जिन्याने वर येऊन टॉवेल मागायचे.

"बॅलन्स शे तर सगळं शे," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ते ड्रायरला लागू होतं, जेवणाला लागू होतं आणि राज्य सरकारलाही.

पहिल्या महिन्यातच आमच्याकडची चादरींची बादली घेऊन खाली जायचं काम माझ्याकडे आलं. भाऊ नाशकात नव्हता आणि आईचे गुडघे दुखायचे. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. घराबाहेर मराठीत बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात तपासून घ्यायचे, आणि तपासून होईपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. म्हणून मी मान हलवायला शिकले होते. मान हलवण्यात चूक होत नाही.

काकांना याची अडचण नव्हती. त्यांनी पहिल्याच दिवशी निदान केलं. "हिच्या मनात इंग्लिश शे, तोंडात मराठी शे आणि मधे लोडशेडिंग शे." मग माझ्या वाटचं बोलणंही त्यांनीच सुरू केलं. "पेपर कसे गेले, माय? बरे गेले म्हणते. गणित अवघड होतं? होतं म्हणते." मुलींना ते 'माय' म्हणायचे. मी मान हलवायचे.

ड्रायर भरणं हा मोठा सोहळा होता. आधी खिसे तपासायचे. मग नाड्यांना गाठी मारायच्या, नाहीतर मोकळी नाडी जाळीत जाते आणि राजाचा गळा आवळला जातो. जड कपडा तळाशी, हलका वर, सगळं कडेकडेने गोल लावायचं, मधे विहीर ठेवायची. वरून आतली चकती दाबायची, मग झाकण. भांडं पूर्ण थांबल्याशिवाय झाकणाला हात लावणाऱ्याला त्यांच्याकडे क्षमा नव्हती. काम झालं की आतून पुसायचं, नळी उंच धरून रिकामी करायची, आणि झाकण थोडं उघडं ठेवायचं. "त्यालाबी श्वास घ्यायचा असतो ना." साड्या, चादरी, शर्ट काहीही चालायचं. "लेडीज आयटम घरीच ठेवा," असं मात्र त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तरी कोणाच्या बादलीत चुकून काही आलंच, तर ते छताकडे बघत, रामरक्षा म्हणावी तसे ओठ हलवत, तेवढं हाताने चाचपून बाजूला काढायचे.

त्या काळात लोडशेडिंग फार होतं. वीज येण्याची वेळ झाली की काका जिन्यात उभे राहून हाक द्यायचे, "ओलंऽऽ!" भाजीवाल्यासारखी. मग वरून दोन-तीन बादल्या उतरायच्या. मशीन फिरत असेपर्यंत बादलीवाल्याला तिथेच थांबावं लागायचं, आणि तेवढ्यात काका त्याच्या घरची सगळी खुशाली काढून घ्यायचे. टायमर वाजला की झाकण उघडून कपडा चिमटीत धरायचे आणि म्हणायचे, "अजून एक राउंड लागंल. पाणी शे आत."

दुसऱ्या राउंडला नळीतून थोडंफार पाणी यायचं. तिसऱ्याला थेंबही येत नसे. मी नळीकडे बघायचे, काका माझ्याकडे बघायचे, आणि म्हणायचे, "तर काय सांगत होतो मी?"

मी रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे. मला घाई नव्हती.

पुढच्या श्रावणात ताई बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगी झाली. नाव ठेवायचं होतं, तोवर सगळे तिला तान्ही म्हणायचे. बाहेर झिमझिम पाऊस, घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर लंगोट, झबली, दुपटी. जेवायला बसलं तरी कपाळाला काहीतरी ओलं लागायचं. काकांना ही बातमी कळताच ते रिकामी बादली घेऊन दारात उभे राहिले.

आई घुटमळली. आमच्याकडे तान्ह्या बाळाचे कपडे पिळत नाहीत. पिळले तर बाळाच्या पोटात पीळ पडतो म्हणतात. आई शिकलेली होती, हसतही होती, पण बादली देत नव्हती.

"पिळतो कोण?" काका म्हणाले. जन्मभर ज्याला ते पिळायचं मशीन म्हणत आले, त्याचं त्यांनी जागच्या जागी बारसं केलं. "हा झुलवतो. पाळणा असा हलतो, हा असा गोल. कपड्याला कळतबी नाही."

त्या दिवसापासून ड्रायरच्या घरातून 'पिळणं' हद्दपार झालं. बाळाच्या कपड्यांसाठी वेगळा राउंड सुरू झाला. आधी भांडं गरम पाण्याने धुवायचे. मग आतून बोट फिरवत फिरवत कुठे कुसळ, टाचणी, धागा आहे का बघायचे. लंगोटाच्या प्रत्येक बंदाला बारीक गाठ, आणि परत करताना ती सोडवलेली. मोठ्या माणसांचे कपडे ते गुंडाळा करून द्यायचे, तान्हीचे घडी करून. बाळाला त्यांनी एकदाही घ्यायला मागितलं नाही. दारातूनच विचारायचे, "आज किती ओले केले?" आकडा मोठा असला की खूश व्हायचे. "गुणाची शे."

मग ताईच्या सासूबाई धुळ्याहून नात बघायला आल्या. त्याच सुमाराला तान्ही रोज संध्याकाळी रडायला लागली. गुडघे पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन. ओवा झाला, हिंग झाला, दृष्ट काढून झाली, वणीच्या देवीला नारळ बोलून झाला. तेवढ्यात सासूबाईंनी पलंगावरची लंगोटांची घडी पाहिली.

"हे इतके कोरडे कसे, विहीणबाई? बाहेर तर पाऊस आहे."

आईने सांगितलं. तरी 'झुलवतो' हा शब्द तिने आठवणीने वापरला.

"अगंबाई! गरगर फिरवलेलं कापड लेकराला नेसवता, मग पोट गरगरणार नाही तर काय होणार? हातानं पिळलेलं परवडलं! कोण हा शहाणा माणूस?"

शहाणा माणूस दारातच उभा होता. हातात संध्याकाळची बादली. मी त्यांना आत घेण्यासाठी कडी काढली होती, म्हणून त्यांचा चेहरा फक्त मला दिसला. काका सासूबाईंशी भांडले असते, तर मला बरं वाटलं असतं. राज्य सरकारशी ते रोज भांडायचे. त्यांनी बादली उंबऱ्याच्या आत ठेवली, म्हणाले, "बरोबर शे त्यांचं," आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी वीज आली, पण जिन्यात हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई स्वतःहून बादली घेऊन उतरल्या, तर काकांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "मशीन बंद शे." मी गॅलरीतून पाहिलं, काका अंगणातल्या दोरीवर आपला पायजमा हाताने पिळून टाकत होते. ते त्यांना नीट जमत नव्हतं. पायजम्यातून पाणी गळत होतं आणि त्यांच्या चपलेवर पडत होतं.

रोज मी कॉलेजातून आले की ते जिन्याखाली उभे असायचे. एकच शब्द विचारायचे, "पोट?"

मी मान हलवायचे. बरं आहे, अशा अर्थी. पण मान कशीही हलवली तरी तान्हीचं रडणं खालपर्यंत ऐकू जायचंच. दुसऱ्या दिवशी काका परत तिथेच. माणसाला राग आला असेल असं घरात सगळे धरून चालले होते. राग नव्हता तो. काका घाबरले होते.

गंमत अशी, की ड्रायर बंद झाल्यावर तान्ही आणखी जोरात रडायला लागली. डॉक्टरांनी पोटावर टकटक केलं आणि म्हणाले, या वयात रडतात, दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, आपोआप थांबेल. सासूबाई धुळ्याला परत गेल्या आणि तिथून त्यांचा फोन आला, "अहो, मला आत्ता आठवलं. हिचा बापसुद्धा असाच रडायचा. तेव्हा कुठला आलाय ड्रायर!" फोनवर सगळे हसले. मी आईला म्हटलं, काकांना सांगायला हवं. "अगं, आता आपण कुठल्या तोंडाने जायचं?" आई म्हणाली. "विषय काढला की त्यांना परत वाईट वाटेल. त्यांनीच मशीन बंद ठेवलंय ना, असू दे." ताईचंही तेच. अशी आमच्या घरी पद्धत आहे. ज्याला लागलंय त्याला लागू नये म्हणून आम्ही त्याच्याशी बोलत नाही.

रविवारी सकाळी मी गॅलरीत लंगोट वाळत घालत होते. पाऊस नुकताच थांबला होता. फाटकातून भंगारवाल्याची हातगाडी आत आली आणि थेट काकांच्या दारासमोर थांबली. काकांनी ड्रायर दोन्ही हातांनी ओढत ओढत ओट्यावर आणला. नळी नीट गुंडाळून बांधली होती. झाकण पुसलेलं होतं.

भंगारवाल्याने पिंपावर थाप मारली. "मोटर जळाली का, बाबा?"

"चालू शे."

"चालू हाय? मग लोखंडाच्या भावात कशाला देता? कोणाला तरी वापरायला द्या ना."

"वापरायला नाही द्यायचा कोणाला. तू मोडूनच टाक."

"का बरं?"

काकांनी वर पाहिलं नाही. मी वर आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. झाकणावर तळहात ठेवून ते म्हणाले, "वरच्या लेकराला बाधला तो."

भंगारवाला हसला. "मशीन कधी बाधतं का, बाबा?" आणि तो ड्रायर तिरका करून गाडीवर चढवायला वाकला.

माझ्या मनात वाक्य तयार होत होतं. पहिलं इंग्रजीत झालं. दुसरं मराठीत झालं, पण फार लांब होतं. त्यात 'गैरसमज' हा शब्द होता आणि 'वैद्यकीयदृष्ट्या' हाही. समोरच्या बिल्डिंगमधले एक आजोबा गॅलरीत पेपर वाचत होते, त्यांच्या शेजारच्या गॅलरीत माझ्या वर्गातला एक मुलगा दात घासत होता. ड्रायर जमिनीपासून वीतभर उचलला गेला होता. मी कठड्यावरून अर्धी बाहेर वाकले, दोन्ही हातांत तान्हीचे ओले लंगोट तसेच धरून, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं ओरडले, "काका, देऊ नका! तुमच्यामुळे नाही रडत ती, ती अशीच रडते! आणि इथे बादलीभर लंगोट ओले पडलेत, मी घेऊन येतेय खाली!"