झाकणाच्या आतली माणसं

"या घरात पातेल्याला झाकण म्हणून मिळायचं नाही," धाकटा भाऊ ओट्याशी पुटपुटला. "सगळी कचेरीत."

ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. झाकण सरकारी कामावर होतं.

ताई आरोग्य कार्यालयात नकाशे काढायची. वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन सोडवणारं औषध कोणाला जवळ आणि कोणाला लांब, हे ठरवणं तिच्याकडे होतं. कार्यालयातला कंपास मोडीत निघालेला, नव्याची मागणी विचाराधीन. काम अडू नये म्हणून तिने आपल्या डब्याचं झाकण नकाशातल्या औषध-केंद्रावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. आतले ते 'सुलभ', बाहेरचे 'दुर्गम'. या कल्पकतेचं तिला स्वतःलाच इतकं कौतुक वाटलं, की झाकण तिने आठवडाभर घासलं नाही.

दुर्गमांना आठवड्याच्या गोळ्या घरी मिळत. सुलभांनी रोज अकराच्या आत केंद्रावर जायचं आणि नर्ससमोर गोळी जिभेखाली ठेवायची. सलग तीन दिवस चुकले, की नाव कमी.

धाकटा पाठीच्या दुखण्यापायी त्या वेदनाशामकांत अडकलेला. पण घर झाकणाच्या बोटभर बाहेर पडलं, घरी गोळ्या मिळू लागल्या, आणि तो पुन्हा घड्याळं दुरुस्त करायला बसू लागला. तेवढ्यात वरून पत्र आलं : सुलभता वाढवा.

"म्हणजे केंद्रं वाढवायची का, साहेब?"

"छे हो. त्याला जागा लागते, माणसं लागतात. तुमच्या घरी याहून मोठं झाकण नाही का?"

होतं. पातेल्याचं. त्यात ताईचं घरही आलं आणि मधली नदीही. पूल तेवढा बाहेर राहिला. केंद्र गच्चीवरून दिसायचं; पोचायला दोन बस आणि तीन तास.

धाकट्याने रीतसर तक्रार केली. ती रीतसर ताईच्याच टेबलावर आली. तिने उत्तर दिलं : 'आपण सुलभ क्षेत्रात राहता. सबब आपणांस अडचण असल्याचे दिसून येत नाही.' एकाच घरात राहूनही पत्र टपालानेच धाडलं. कोणी वशिला म्हणायला नको.

"सही सुरेख आलीय," धाकटा एवढंच म्हणाला.

पुढच्या खेपेला ताईने परात नेली. अठ्ठ्याण्णव टक्के जनता सुलभ झाली, ताईला प्रशस्तिपत्र मिळालं, आणि त्याच आठवड्यात धाकट्याचे लागोपाठ दोन दिवस चुकले.

तिसऱ्या दिवशी ताई रजा टाकून त्याच्यासोबत निघाली. पोचले तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. नर्सने वही मिटली. "नाव कमी झालं हो. नकाशात तर तुम्ही अगदी जवळ दिसता."

ताई बाहेरच्या बाकावर बसली. धाकट्याचे हात थरथरत होते. त्याने ते मांडीखाली दाबून धरले.

"काय माणसं आहेत," ताई फणफणली. "आपल्या बाजूला एक केंद्र काढायला यांचं काय जातं?"

"निघत होतं, ताई. आपल्याच गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर." तो समोर बघत राहिला. "तुम्ही गल्लीतल्यांनी अर्ज केलात. 'केंद्र चांगलंच आहे, पण इथे नको. तसली माणसं येतील.' गल्लीतल्या सगळ्या शिकल्यासवरल्यांच्या सह्या होत्या, सरकारी कारभारावर हसणाऱ्यांच्या. पहिली तुझी."

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तसली माणसं म्हणजे मी गं."