शिवाप्पा मामांचा डबा

आमच्या लातूरच्या फार्मसी कॉलेजात सकाळचा पहिला नमस्कार उंदरांना होतो, प्राचार्यांचा नंबर नंतर. शिवाप्पा मामा उंदीरखोलीचं दार उघडतात आणि पिंजऱ्यांकडे बघून म्हणतात, "शरणार्थ, मंडळी! झोप लागली का?" शिरूर अनंतपाळहून पहिल्या एसटीनं येऊन प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळणं, ही त्यांची नोकरी.

माझी पीएचडी अल्सरच्या औषधावर. हे औषध आम्ल कमी करतंच. पण ऑक्सिडीकरणानं जठराच्या अस्तराची होणारी झीजही थांबवतं का, ते मला बघायचं होतं. मामांना अर्धा तास समजावलं. ते म्हणाले, "म्हंजी पोटाला गंज चढतो अन् हे औषध गंज धरू देत न्हाई. हाव ना? मग सरळ सांगायचं की!" आता बोला! सेमिनारमध्ये मी तेच वाक्य फेकलं आणि टाळ्या घेतल्या.

अडचण एकच. पोटात व्रण करण्याआधी उंदरांना दिवसभर उपाशी ठेवावं लागतं, फक्त पाणी द्यायचं; पोटात अन्न असलं की व्रण नीट उठतच नाहीत. आणि मामांच्या दारातून भुकेलं कुत्रंसुद्धा तसंच गेलेलं नाही.

पहिला निकाल काय सांगू! औषध दिलेल्या उंदरांची जठरं गुलाबी, व्रण एकही नाही. गाईड सर खूश, मी हवेत. संध्याकाळी मामा टोपी हातात घेऊन उभे.

"म्याडम, खोटं न्हाई सांगत. त्या औषधवाल्या पिंजऱ्यात म्या भाकर कुस्करून टाकली व्हती. ऱ्हावलं न्हाई."

चार महिन्यांची मेहनत मातीत! मी तोंडाला येईल ते बोलले. घरी जाताना डोक्यात प्रकाश पडला, हा माणूस गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं असतं?

पुन्हा प्रयोग मांडला. उपासाच्या सकाळी मामांनी आपला डबा माझ्या टेबलावर ठेवला. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई. ते उपाशी, तर मी बी उपाशी." दिवसभर पिंजऱ्यांसमोर स्टुलावर बसून राहिले, नुसतं पाणी पीत.

दुसऱ्या दिवशी उंदीर मारून जठरं तपासली. या वेळी औषध दिलेल्यांत थोडे व्रण होते, पण अस्तर टिकलं होतं. निकाल खरा होता! प्रबंधात आभाराचं पहिलं नाव मामांचं घालणार आहे मी. सर रागावले तर रागावोत.

मी धावतच मामांना सांगायला गेले, आज सकाळीही त्यांनी माझ्याकडेच ठेवलेला डबा घेऊन. मामा रिकामे पिंजरे धूत होते. "औषध लागू पडलं न्हवं? लई चांगलं झालं," म्हणाले. डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि सवयीनं हात पिंजऱ्याकडे गेला.

हात तसाच राहिला क्षणभर. मग तो तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला. "तुम्ही खावा, म्याडम. सकाळपून तुमच्या बी पोटात काई न्हाई."