वसुलीचा डबा

सोमवारी सकाळी सोमशेखरअण्णांनी ठरवलं, की आज कडक व्हायचं. (बायको चन्नम्मा असती तर म्हणाली असती, "तुम्हाला कडक फक्त चहा जमतो." पण तिला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून चहाही पांचटच होत होता.)

माडीवरचा भाडेकरू अल्ताफ, अकरा महिन्यांचा करार असताना, नवव्या महिन्यातच टेम्पो बोलावून उचगावला निघून गेला होता. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. पुण्याची लेक पवित्रा दर रविवारी सात मिनिटं फोन करायची, त्यातली सहा आता भाड्यावरच जायची.

"अप्पा, फोनवरच मागा की!"

"फोनवर माणूस लाजत न्हाई. समोर उभं राहायला लागतंय."

खरं कारण वेगळं होतं. माडी रिकामी झाल्यापासून घरात आवाज करणारा फक्त फ्रीज उरला होता. अण्णांना करमत नव्हतं.

निघताना फडताळात मुबशिराचा कडीचा डबा दिसला. अल्ताफच्या या बायकोनं ईदेला त्यातून शीरखुर्मा पाठवला होता. डबा परत द्यायला हवा, आणि रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे चन्नम्मानं चाळीस वर्षं बजावलेलं. झालं! वसुली दुपारवर गेली आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजायला लागली. (वसुलीला निघालेल्या माणसानं वेलदोडे कुटत बसावं, हे कुठल्या कायद्यात बसतं देव जाणे.)

पिशवीत खाली करारपत्र, वर डबा. केएमटीच्या बसनं उचगावपर्यंतचा एकही खड्डा चुकवला नाही. अण्णा वाटभर एकच वाक्य घोकत होते.

दार उघडताच अल्ताफ ओरडला, "आरं तिच्या! अण्णा! मुबशिरा, अण्णा आल्यात बघ!"

"अल्ताफ, व्यवहार म्हणजे व्यवहार," म्हणत अण्णांनी पिशवीतून करारपत्र ओढून काढलं. त्यातून हुग्गी ठिबकत होती.

अल्ताफनं बोटानं चाखली. "हे काय वो अण्णा?"

"भाडं!"

"लई ग्वाड हाय की!"

आणि मग त्यानं नको तेच केलं. "चुकलंच माझं, आज देतो उद्या देतो करत ऱ्हायलं," म्हणत फोन काढला. अण्णांच्या खिशात टिंग वाजलं. सगळं भाडं जमा! अण्णांनी निदान चार हेलपाट्यांची तयारी केली होती. आता इथं परत यायला कारणच उरलं नाही. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

"पर घर सोडलंस का रं? माझं काय चुकलं?"

अल्ताफनं बायकोकडं बघितलं. "राग मानू नका. मी फौंड्रीतनं रातपाळी करून सातला यायचो. आन् सव्वासातला तुम्ही मीटर बघायला वर यायचा."

"मग?"

"नऊला जायचा की वो!"

अण्णा मोठ्यानं हसले. मग करारपत्रावरची हुग्गी रुमालानं पुसत बसले. मीटर त्यांनी एकदाही बघितला नव्हता.

मुबशिरानं डबा घासून आणला. त्याचं बूड बघून ती काही बोलणार होती, पण अण्णांच्या तोंडाकडं बघून तिनं डबा सुलटा केला. डब्यात नानखटाई भरून म्हणाली, "रिकामा कसा द्यायचा?"

अण्णांचा चेहरा एकदम खुलला. डबा भरून मिळाला म्हणजे तो परत द्यायला यायलाच हवं! येताना त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही. नानखटाई आठवडाभर पुरली असती. अण्णांनी ती दोन दिवसांत संपवली, कारण डबा लवकर मोकळा व्हायला हवा होता. पोटानं तक्रार केली, पण अण्णा आता ऐकणार नव्हते.

गुरुवारी सकाळी गहू भिजत घालून त्यांनी डबा घासला आणि बूड पुसायला उलटा केला. बुडाला नाव घातलेलं होतं: सौ. चन्नम्मा सोमशेखर मगदूम.

मागच्या दसऱ्याला याच डब्यातून अण्णांनी स्वतःच माडीवर हुग्गी पाठवली होती. रीतीप्रमाणं मुबशिरानं तो ईदेला भरून परत केला होता. म्हणजे हिशेब केव्हाच मिटला होता.

अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग रविवार नसताना पवित्राला फोन लावला.

"का गं, मुबशिराच्या माहेरात कुणाचं नाव चन्नम्मा असंल का?"