बारकूमिस्त्रीचं माप

बारकूमिस्त्री माणसाला नमस्कार करायचा नाय. खांदा चाचपायचा. समोर मामलेदार असो का हमाल, याचा पंजा आधी त्याच्या उजव्या खांद्यावर. अंगठ्यानं हाडाजवळची खोबण शोधायची, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचं, "साडेतेरा बोटं. उतरता." मग डोळे उघडून, "हां, बोला. नाव काय आपलं?"

मला पहिल्यांदा चाचपलं तेव्हा बराच वेळ डोळे मिटून राहिला. मला वाटलं, याला काहीतरी जबरदस्त घबाड लागलंय. मी छाती फुगवली. तर म्हणाला, "हा खांदा बंदुकीचा नाय. पोत्याचा आहे." कांद्याची पोती उचलायला खांदा चालत नाय म्हणून मला त्याच सकाळी मार्केटातून काढलं होतं. हे काय मी त्याला सांगितलं नाय. तरी त्यानं मला ठेवून घेतलं. नळ्या घासायला खांदा लागत नाय.

भद्रकालीच्या मागच्या बोळात त्याचं दुकान. काम एकच, ठासणीच्या जुन्या बंदुका दुरुस्त करायच्या. ही बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्या, वर छर्रे, लोखंडी गजानं ठासायचं, गज काढून घ्यायचा, घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. आज्यापणज्याच्या वेळच्या बंदुका शेतकरी गोणपाटात गुंडाळून आणायचे. मिस्त्री नळीचा गंज काढायचा, घोडा नवा घडवायचा. पण जीव सगळा दस्त्यात. दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडाचा भाग. तो मापाचाच पाहिजे. "बूट दुसऱ्याचा चालंल," म्हणायचा, "दस्ता दुसऱ्याचा नाय चालणार."

त्या सुमाराला शिकारीवर बंदी आली आणि नाशकातले शिकारी एकदम वाढले. बंदी नसती तर आपण काय काय मारलं असतं, हे कुणालाही सांगता यायला लागलं. असे एक वकीलसाहेब आजोबांची बंदूक घेऊन आले. दिवाणखान्यात लटकवायची होती. "पॉलिश करा, चांदीची फुलं बसवा. लोकांना वाटलं पाहिजे की वाघ पाडलाय हिनं." मिस्त्रीनं त्यांचा खांदा चाचपला. "साहेब, ही भिंतीला टेकणार ना? मग भिंत घेऊन या. माप घेतो."

वकीलसाहेब गेले, आणि त्यांच्यासाठी सांगितलेला चहा मी प्यालो. धंदा असा चालायचा.

मग हिराबाई आली. इगतपुरीकडची, चाळिशीची. नवऱ्याची बंदूक आमच्याकडं दस्त्याला आलेली, आणि मधल्यामधी नवराच वारला. पिकाच्या राखणीचा परवाना नवऱ्याच्या नावाचा. आता तिच्या नावावर व्हायचा तर परवान्याच्या कचेरीतल्या साहेबांनी अट घातलेली. "बाई, धक्क्यानं तुम्हीच पडाल. आमच्यासमोर उभं राहून बार काढून दाखवा, मगच सही." तोवर बंदूक आमच्या दुकानात.

"डुकरं काय कागुद बघून थांबत न्हाईत, मिस्त्री," ती म्हणाली. "दोन वर्सं भात त्यांनीच खाल्लं. ह्या साली गेलं, की मला रान सोडून भावाच्या दारात जावं लागंल. भावजय चांगली हाय, पर दार तिचं हाय."

मिस्त्रीचा हात सवयीनं वर गेला आणि मधीच थांबला. बाईचा खांदा! तोच हात त्यानं वळवून स्वतःचा कान खाजवला. "किसन, चहा सांग." चहा झाला. परत हात वर, परत कान. "किसन, चहा सांग." तिसऱ्या चहाला भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "जुनं पोलकं असलं तर आणा. मापाला."

हिराबाई आधी गोरीमोरी झाली, मग पदर तोंडाला लावून हसली.

दुसऱ्या खेपेला तिनं पेपरात गुंडाळून पोलकं आणून दिलं. मिस्त्रीनं त्यात भुसा ठासून भरला, ते बांबूवर चढवलं आणि डोळे मिटून खांदा चाचपत बसला. पंचावन्न वर्षांचा सडाफटिंग माणूस, दुकानाचं दार उघडं, आणि हातात भरलेलं पोलकं. मी गप बसायला पाहिजे होतं. मी गप बसलोच. फक्त न्हाव्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत बोळानं मिस्त्रीचं लग्न ठरवून बँडवाला पण ठरवला होता.

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाय. पाचव्या दिवशी म्हणाला, "तुझ्या तोंडाला घोडा बसवला पाहिजे, किसन. कुणी चाप न ओढता उडतं."

दस्ता त्यानं दोन बोटं आखूड केला. मागं चामड्याची गादी लावली. नळीजवळ थोडं लाकूड काढून वजन सारखं केलं. रोज भुशाच्या खांद्याला लावून बघायचा.

ठरल्या दिवशी शहराबाहेरच्या खदानीत आम्ही जमलो. साहेब, त्यांचा हवालदार, हिराबाई, मिस्त्री आणि बार भरायला मी. छर्रे नाय, नुसती दारू आणि चिंध्या. मी ठासत होतो, तेवढ्यात साहेबांनी सहज विचारलं, "शाळा किती शिकलास?" आता हा माझा आवडता विषय. चौथीत मी तीनदा बसलो. शेवटी मास्तरांची बदली झाली, माझी नाय झाली. साहेब हसले, मी आणखी रंगवून सांगितलं, आणि रंगात गज नळीतच ठेवून टोपी लावली.

हिराबाईनं दस्ता खांद्याला लावला. चाप ओढला.

धूर निवळला तेव्हा गज साहेबांच्या जीपच्या ताडपत्रीत घुसून थरथरत होता. साहेब दगडामागं आडवे. हवालदार जीपखाली. मी हवालदाराच्या अंगावर. उभी माणसं दोनच, हिराबाई आणि मिस्त्री. मिस्त्रीनं जीपकडं बघितलंच नाय. तिला विचारलं, "खांद्याला लागलं?"

"न्हाय वो. पर सायबांना बघा."

साहेब धूळ झटकत उठले. "बाई हलल्या नाहीत. हललो मी," म्हणाले आणि सही केली. मग माझ्याकडं बोट दाखवून हवालदाराला म्हणाले, "हा माणूस परत बंदुकीला हात लावणार नाही, असं लिहून घ्या." जिल्ह्यात लोकांकडं बंदूक असल्याचे कागद असतात. बंदूक नसल्याचा कागद फक्त माझ्याकडं.

त्या साली हिराबाईचं भात घरात आलं.

बंदूक देताना मिस्त्री तिला म्हणाला होता, "दरसाल कापणीनंतर दाखवून न्या. लाकूड आहे, हलतं." मला हे नवीनच. बाकीच्यांना तो सांगायचा, परत तोंड दाखवू नका. ती यायची, कापडात बांधून नवा तांदूळ आणायची. मिस्त्री भिंग लावून तपासायचा. एक स्क्रू पाव आटा सैल करायचा आणि पाव आटा आवळायचा. मी बघायचो. न्हाव्याला मात्र सांगितलं नाय.

पाचव्या वर्षी ती आली नाय. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. एक दिवस मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. पिशवीत तेलाची बाटली आणि पाना. "इगतपुरीकडं जाऊन येतो. दस्ता हलला असंल."

संध्याकाळी परतला. मी चार विनोद तयार ठेवले होते. त्यानं पिशवी ठेवली. बाटली भरलेलीच होती.

"काय म्हणती बंदूक?" मी विचारलं.

"चकचकीत. नळी गरम पाण्यानं धुती, जवसाचं तेल चोळती. मी शिकवलं तसंच सगळं."

"मग ह्या साली आल्या का नाय?"

"म्हणाली, तुमच्या कामात कधी खोट निघतच न्हाय, मिस्त्री. मग उगा कशाला तरास द्यायचा तुम्हाला?"

इस्त्रीचा शर्ट काढून त्यानं खुंटीला लावला. बनियनवरच बाकड्यापाशी बसला. हाताखाली काम काही नव्हतं. माझे चारी विनोद मी गिळले आणि चहा सांगायला उठलो.

"किसन," तो म्हणाला, "तिच्या दस्त्याला मी तीन स्क्रू मारले. दोनच मारायला पाहिजे होते."