बिराजदार सरांचा डोंगर

आमच्या लातूरच्या कॉलेजातले बिराजदार सर आलेख तपासतात ते चष्मा काढून. लोक नीट दिसावं म्हणून चष्मा लावतात, हा भला माणूस काढतो! लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवायचा, चष्मा खिशात टाकायचा, उलट्या पावलांनी स्टाफरूमच्या दारापर्यंत जायचं आणि तिथून डोळे किलकिले करून पडद्याकडे बघायचं. या उलट्या चालीत त्यांनी एकदा चहावाल्या मामांना हातातल्या ट्रेसकट भिंतीला टेकवलं. वर त्यांनाच विचारलं, "मामा, हितून डोंगर दिसतोय का?"

सर फिजिक्सचे, मीही फिजिक्सचीच. मी पडले नांदेडची. मनात येईल ते तोंडावर बोलून मोकळी. आमचा दोघांचा मिळून एक पेपर चालला होता, माझा तर आयुष्यातला पहिलाच. तो लेटेकमध्ये टाइप करायचा होता. लेटेक म्हणजे असं सॉफ्टवेअर, की आपण नुसत्या आज्ञा लिहायच्या, पान त्याचं ते मांडतं. त्यात चित्रं मात्र जागा मिळेल तिथे जाऊन बसतात. दुसऱ्या पानावर ठेवलेलं चित्र पार शेवटी, संदर्भांच्या यादीत निघायचं. की सर मांडीवर थाप मारून ओरडलेच, "सुटलं बगा खोंड! ताई, दावं आवळा!" दावं आवळायचं म्हणजे आज्ञेत एक उद्गारचिन्ह घालायचं. मी घालायची. खोंड आणखी पुढे पळायचं.

पण खरं भांडण आकारावरून. आलेख एकच: सपाट रेघ, मध्येच एक उंच सुळका, म्हणजे सरांचा डोंगर, परत सपाट. सरांना तो पानभर हवा, आणि रेघ करदोड्याएवढी जाड. पेपर परत आला. चित्र एका रकान्यात बसवा, पानं वाढतायत, नाहीतर छापणार नाही, असं संपादकांनी स्पष्ट कळवलं.

"सर, रुंदीचा फक्त एक आकडा बदलायचाय."

"हाव ताई, पण दिसाया पायजे न्हाई का!"

"अहो, वाचणाऱ्यांना डोळे आहेत की!"

"समद्यांलाच असतेत असं न्हाई," म्हणाले आणि निघाले उलटे दाराकडे.

मी डबा तसाच बंद करून घरी आले. एका माणसाच्या हट्टापायी माझा पहिला पेपर बुडणार, या विचाराने रडूच आलं मला.

दिवाळीच्या सुटीनंतर सर आले आणि गुपचूप खुर्चीत बसले. चष्मा डोळ्यांवरच. म्हणाले, "करा ताई बारीक. आता चालतंय."

मी कशाला थांबते! आकडा बदलला. खोंड मुकाट रकान्यात उभं राहिलं. मी खुशीत सरांकडे वळले, तर ते पडद्याकडे बघतच नव्हते.

"मायचे डोळे गेले, ताई. पार गेले."

माय चाकूरजवळच्या गावी असते. तिला अक्षरओळख नाही. पण सरांचा प्रत्येक पेपर ती मागून घ्यायची आणि त्यातले डोंगर बघायची. नजर अधू झाली तसे सर रेघ जाड करत गेले. बाजेवर पडून तिला किती दिसत असेल, हे बघायला चष्मा काढून दारात उभे राहायचे. मला हे आज कळत होतं. अरे देवा, आणि मी डोळ्यांवरून बोलले होते!

पेपर गेला बारीक आलेखाचाच. पण मी एक प्रत पानभर काढली आणि लेकीच्या स्वेटरची उरलेली लाल लोकर त्या रेघेवर डिंकाने चिकटवली. रविवारी आम्ही दोघं गावी गेलो.

"कोण आलंय संगं?" मायने बाजेवरून विचारलं.

"ताई हायेत, माय. पेपर आणलाय."

"औंदा डोंगर हाय का न्हाई?"

सरांनी तिचं बोट धरून लोकरीच्या टोकाला ठेवलं. बोट सपाटीवरून सावकाश निघालं, चढाला थबकलं, मग वर वर गेलं. शेंड्यावर थांबून माय हसली. "लई उंच केलास की रं!"

तिने चाचपत सरांचा हात धरला, त्यांचं बोट शेंड्यावर टेकवलं. "तूबी बग की."

सरांनी चष्मा काढला, डोळे मिटले, आणि मायलेक मिळून डोंगर उतरायला लागले.