शाब्बास आणि दगड

गणित हा मूलतः आत्मविश्वासाचा विषय आहे, यावर आता सर्व शिक्षणतज्ज्ञांचे एकमत झाले आहे. पेणमधल्या दहावी 'ब'ला मात्र हे कुणी कळवले नव्हते. तिथे गणित हा वत्सलाबाईंचा विषय होता.

बाईंना ही बातमी रोह्याच्या एकदिवसीय प्रशिक्षणात कळली. अमोल सर नावाचे उत्साही अधिकारी म्हणाले, "मुलाला 'चूक' म्हणायचं नाही. 'वेगळं उत्तर' म्हणायचं. रागावणं बंद. कौतुक करा, गणित आपोआप येईल." पुढच्या महिन्यात ते स्वतः वर्ग बघायला येणार होते. ज्यांच्या वर्गात आत्मविश्वास दिसणार नाही, त्या शिक्षकांना दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा रोह्याला, चांगले दहा दिवस.

याच दिवाळीला बाईंची मुलगी ऋजुता बंगळुरूहून नात घेऊन यायची होती. नात रांगायला लागली होती आणि बाईंनी तिला अजून फक्त मोबाईलवर पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी हमरापूरच्या किमयाने फळ्यावर समीकरण सोडवले. अगदी बरोबर. बाई घसा खाकरून म्हणाल्या, "शाब्बास!"

किमयाच्या हातातला खडू पडला. "देवाशपथ बाई, मी कुणाचा नाय बघितला!"

तिचेही बरोबर होते. आजवर बाई 'शाब्बास' म्हणत, ती फक्त कॉपी पकडल्यावर. एरवी त्यांच्या वर्गाचा कारभार शिव्यांवर सुरळीत चाले. 'मूर्खा' म्हणजे एखादी पायरी चुकली, 'गाढवा' म्हणजे चिन्ह चुकले, 'दगडा' म्हणजे सूत्रच चुकले आणि 'पुढं!' म्हणजे उत्तर बरोबर. मुले या खुणांवर धुक्यातल्या होडीसारखी अंदाज घेत किनाऱ्याला लागत. आता बाईंनी किनाऱ्यावरचे सगळेच दिवे एका रंगाचे करून टाकले.

"बाईंना काय झालाय गो?" मागच्या बाकावरून आदर्श कुजबुजला.

"बरा नसंल वाटत. काल मला 'छान' बोलल्या," किमया म्हणाली. "मी घरी कुणाला सांगितला पण नाय."

महिनाभर बाई निष्ठेने कौतुक करत राहिल्या आणि वर्ग दिवसेंदिवस घाबरत गेला.

शेवटी अमोल सर आले आणि मागच्या बाकावर बसले. बाईंनी सोपे उदाहरण घेतले. भिंत आठ मीटर. शिडीचा पाय भिंतीपासून सहा मीटरवर. शिडी भिंतीच्या टोकाला टेकते, तर तिची लांबी किती?

"दहा," किमया म्हणाली.

"शाब्बास!"

किमया पांढरीफटक पडली. "नाय नाय बाई. चौदा."

बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिले आणि ओठांवर हसू आणले. "छान! वेगळं उत्तर!"

"अठ्ठेचाळीस?" आदर्श चाचरला.

"वा! काय कल्पकता!"

आता वर्गाचा धीर पुरता सुटला. कुणी सात म्हटले, कुणी शंभर. बाई प्रत्येकाला शाबासकी देत होत्या आणि डोळ्यांसमोर रांगणारी नात रांगत रांगत लांब जात होती. तेवढ्यात सुरभी हळूच म्हणाली, "बाई, दोन."

बाईंच्या कपाळावरची शीर ताठ झाली.

"दगडांनो! आठ मीटरच्या भिंतीला दोन मीटरची शिडी? वर काय उडत जाणार? तुमच्या आज्यानं टेकवली होती अशी शिडी?"

मग पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सुटकेचा सुस्कारा गेला.

"दगड बोलल्या! सूत्र चुकलाय!" आदर्श आनंदाने म्हणाला. "बेरीज नाय रं, वर्ग कराचा!"

पेने सरसरली. मिनिटभरात अख्खा वर्ग ओरडला, "दहा!"

"पुढं!" बाई गरजल्या आणि मग त्यांना अमोल सरांची आठवण झाली. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

अमोल सरांनी किमयाला जवळ बोलावले. "बाई ओरडल्या, तुला भीती नाही वाटली?"

"नाय सर. उलट बरा वाटला. 'गाढव' म्हंजे चिन्ह, 'दगड' म्हंजे सूत्र. कुठं चुकला ता कळला ना."

अमोल सरांचे डोळे चमकले. "बाई, याला म्हणतात श्रेणीबद्ध प्रतिसाद! मी हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. हा आत्मविश्वास मी जिल्ह्यात कुठंच पाहिला नाही."

"म्हणजे मला प्रशिक्षण नाही ना, सर?" बाईंनी जीव मुठीत धरून विचारले.

"तुम्हाला? छे! तुम्ही तर प्रशिक्षण द्यायचं. मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव आजच कळवतो."

"कधी?"

"दिवाळीच्या सुट्टीत. रोह्याला."

संध्याकाळी ऋजुताचा फोन आला. "आई, काय झालं? पास की नापास?"

"पास."

"मग घरी आहेस ना दिवाळीला?"

"पास झाले म्हणून तर जातेय," बाई म्हणाल्या.

मार्गदर्शकांना आणि नापास शिक्षकांना तेच दहा दिवस यावे लागते. मार्गदर्शकांना चहा आधी मिळतो.